सांडपाणी प्रकल्पाच्या पाइपांसाठी गंजरोधक पोलाद कसे निवडावे: ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

रबाळे, महापे, पावणे किंवा तुर्भे येथील एखाद्या कारखान्याच्या ईटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे) मागणीपत्रक हाती आले की पाइपांविषयी त्यात बहुधा एकच ओळ असते: ‘सर्व पाइप एसएस ३१६एल’. एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, आणि ३०४एल, ३१६एल हे त्याचे ग्रेड, म्हणजे प्रती. ही ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. स्वस्तातले लोखंड वापरून पुढे डोकेदुखी नको, एवढेच त्याला म्हणायचे असते. परंतु हीच ओळ प्रकल्पाच्या एका कोपऱ्यात पैसा वाया घालवते आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन वर्षांत गळू लागणारा पाइप बसवते. ब्लोअरच्या हवेच्या वाहिनीला ३०४एल पुरले असते, आरओच्या (पाण्यातील क्षार गाळणाऱ्या यंत्रणेच्या) रिजेक्टला, म्हणजे उरलेल्या खारट पाण्याला, ३१६एल पुरत नाही, आणि फेरिक क्लोराइडच्या डोसिंगला तर बाजारात मिळणारे कोणतेही नेहमीचे स्टेनलेस चालत नाही. त्यामुळे ग्रेड ठरवायचा तो पाइपाच्या एकेका भागासाठी, आणि त्या भागातून जाणाऱ्या पाण्याचा सर्वांत वाईट तास डोळ्यांसमोर ठेवून. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी: पाणी मोजावे, आणि ते भरतीच्या वेळीही मोजावे

स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातील क्रोमियम हवेतील किंवा पाण्यातील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर तयार करते. थर ओरखडला गेला तरी तो आपोआप पुन्हा भरून येतो. या थराचा खरा शत्रू क्लोराइड आहे. क्लोराइडचे प्रमाण वाढले की थर एखाद्या बिंदूवर फुटतो, तेथे पुन्हा भरून येत नाही आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून गंज आत शिरत जातो. यालाच पिटिंग म्हणतात. साधे लोखंड सर्वत्र सारखे झिजते, म्हणून त्याला दोन-तीन मिलिमीटर जादा जाडी देऊन आयुष्य वाढवता येते. स्टेनलेसच्या बाबतीत तो हिशेब लागू पडत नाही. ज्या पाण्यात त्याला पिटिंग होते, त्या पाण्यात जाड पाइप फक्त काही महिने उशिरा गळतो.

म्हणून ग्रेडचा विचार करण्याआधी क्लोराइड, पीएच, तापमान, मुक्त क्लोरीन आणि सल्फाइड या पाच गोष्टींची नोंद हाती असली पाहिजे. टीडीएसचा (एकूण विरघळलेल्या क्षारांचा) आकडा बहुतेकांकडे असतो, परंतु त्यावरून क्लोराइड किती ते कळत नाही. क्लोराइडची चाचणी साधी आहे: पोटॅशियम क्रोमेटमुळे पिवळ्या झालेल्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडत जायचे आणि पिवळा रंग विटकरी छटेकडे झुकला की थांबायचे. कारखान्याच्या प्रयोगशाळेतला मुलगाही ती दिवसातून चार वेळा करू शकतो, आणि त्याने ती करावीच. कारण सकाळी दहा वाजता घेतलेल्या एका नमुन्यात क्लोराइड ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर दिसते आणि दुपारी सॉफ्टनरचे (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचे) मिठाने रिजनरेशन झाले की तेच हजाराच्या पुढे जाते. महिन्याभराची सरासरी काढली तर हे तास तिच्यात विरघळून जातात. पाइपाला मात्र तेच भोगावे लागतात.

नवी मुंबई आणि ठाणे येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या शहरांचा मोठा भाग खाडीलगतच्या सखल किंवा भराव टाकलेल्या जमिनीवर आहे आणि गटारवाहिन्यांच्या जुन्या सांध्यांतून उधाणाच्या भरतीला खारे पाणी आत झिरपू शकते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सुमारे १९,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असते. एखाद्या पंपिंग स्टेशनच्या मैलापाण्यात एरवी १०० मिलिग्रॅम क्लोराइड आहे असे धरले आणि त्यात फक्त ५ टक्के इतके खारट पाणी मिसळले, तर आकडा १,०४५ वर पोहोचतो. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, उन्हाळ्यात खारटपणा वाढतो. यास्तव खाडीजवळच्या एसटीपीसाठी (मलप्रक्रिया केंद्रासाठी) किंवा पंपिंग स्टेशनसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, एप्रिल-मे महिन्यांत, भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळांचे नमुने घ्यावेत. हे एक काम केले तरी पुढची निम्मी चूक टळते.

दुसरी पायरी: ग्रेडची शिडी समजून घ्यावी

पिटिंगला तोंड देण्याची ताकद ढोबळमानाने मोजण्यासाठी ‘प्रेन’ नावाचा अंक वापरतात. क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या टक्क्यांची ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या टक्क्यांची १६ पट, एवढेच त्याचे सूत्र आहे. १८.२ टक्के क्रोमियम आणि ०.०६ टक्के नायट्रोजन असलेल्या ३०४एलचा अंक १९ च्या आसपास येतो. १६.५ टक्के क्रोमियम, २.१ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.०४ टक्के नायट्रोजन असलेल्या ३१६एलचा २४ येतो. ड्युप्लेक्स (दोन प्रकारच्या स्फटिकरचना एकत्र असलेले स्टेनलेस) २२०५ मध्ये २२ टक्के क्रोमियम, ३ टक्क्यांहून थोडे अधिक मॉलिब्डेनम आणि ०.१७ टक्के नायट्रोजन धरले तर अंक ३५ पर्यंत जातो, आणि सुपर ड्युप्लेक्स २५०७ चा ४० च्या पुढे.

साध्या तापमानाच्या, उदासीन पीएचच्या आणि वाहत्या पाण्यासाठी या शिडीचे रूढ ठोकताळे असे आहेत: क्लोराइड २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ३०४एल, १,००० पर्यंत ३१६एल, ३,६०० पर्यंत ड्युप्लेक्स २२०५, आणि त्यापुढे सुपर ड्युप्लेक्स किंवा ६ टक्के मॉलिब्डेनमचे ग्रेड. यातील प्रत्येक विशेषण महत्त्वाचे आहे. पाणी साचून राहत असेल, गाळ बसत असेल, पीएच ५ च्या खाली जात असेल किंवा तापमान ४० अंशांच्या वर असेल, तर मर्यादा खाली आणावी लागते. अशा ठिकाणी मी स्वतः आकडा निम्मा धरतो. मुक्त क्लोरीनसाठी वेगळी मर्यादा आहे: ३०४एलला सतत २ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत आणि ३१६एलला ५ पर्यंत चालते. नवी मुंबई महानगरपालिका आपल्या मलप्रक्रिया केंद्रांतील तृतीय स्तरावर शुद्ध केलेले पाणी टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातील उद्योगांना पुरवते. असे पुनर्वापराचे पाणी घेणाऱ्यांनी आपल्या टाकीत पुन्हा हायपो (क्लोरीन देणारे सोडियम हायपोक्लोराइट) सोडण्याआधी हे आकडे पाहून घ्यावेत.

प्रेन अंकाला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. तो धातू किती चांगला आहे ते सांगतो, वेल्डिंग किती चांगले आहे ते सांगत नाही. नीट न केलेल्या वेल्डच्या जागी ३१६एलची लायकी ३०४एलच्याही खाली जाते.

तिसरी पायरी: प्रकल्पाचे भाग पाडून एकेकाचा निर्णय घ्यावा

पीअँडआयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) समोर घ्यावी आणि रंगीत पेन्सिलीने पाइपांचे भाग पाडावेत. ही बैठक प्रोसेस इंजिनिअर, देखभाल विभागाचा माणूस आणि खरेदी विभाग अशा तिघांनी मिळून घेतली तर उत्तम, कारण नंतर खरेदीच्या वेळी ‘एवढ्याशा पाइपासाठी वेगळा ग्रेड कशाला’ हा प्रश्न हमखास येतो.

ब्लोअरपासून एरेशन टाकीपर्यंतच्या हवेच्या वाहिनीला ३०४एल योग्य असते. येथे एमएस (साधे लोखंड) वापरले तर आतल्या गंजाचे पापुद्रे सुटून डिफ्यूझरच्या (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागाच्या) मेम्ब्रेनमध्ये अडकतात. पाच-सहा मीटर खोल टाकीसाठी दाबलेली हवा ८० ते १०० अंशांच्या घरात तापते, त्यामुळे ब्लोअरजवळ पीव्हीसी किंवा एचडीपीईचे प्लास्टिक पाइप चालत नाहीत. टाकीत उतरणारा पाय आणि तळाची जाळी पाण्यात असते, ती पाण्यातील क्लोराइडनुसार ३१६एल घ्यावी. या गरम वाहिनीवर आवाजासाठी किंवा हात भाजू नये म्हणून उष्णतारोधक लोकर गुंडाळली जाते, आणि धोका तेथेच दडलेला असतो. पावसाचे पाणी आवरणात शिरते, खाऱ्या हवेतील आणि लोकरीतील क्लोराइड घेऊन गरम पाइपाच्या पाठीवर सुकते, आणि सुमारे ६० अंशांच्या वर ३०४ आणि ३१६ या दोन्हींना ताणामुळे भेगा पडू शकतात. कमी क्लोराइडची लोकर, पाइपाला योग्य रंग किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा थर, आणि वरच्या पत्र्याचे सांधे पाणी खाली निथळेल अशा बाजूने घेणे, एवढी काळजी त्यावर पुरते.

कच्च्या सांडपाण्याची आणि गाळाची वाहिनी ३१६एलची असावी आणि तिचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जाऊ देऊ नये; मी शक्यतो १ मीटरच्या पुढे ठेवतो. गाळ तळाशी बसला की त्याखाली प्राणवायू पोहोचत नाही, थर दुरुस्त होत नाही आणि खालून पिटिंग सुरू होते. पंपिंग स्टेशनच्या विहिरीत पाण्याच्या वरच्या ओल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड जमतो, जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि तेथे काँक्रीट व साधे लोखंड दोन्ही खाल्ले जाते. शिड्या, साखळ्या, गाइड रेल आणि त्यांचे बोल्टसुद्धा ३१६ मध्येच घ्यावेत. पाइप स्टेनलेसचा आणि बोल्ट जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), अशी काटकसर करू नये. मोठ्या स्टेनलेस पृष्ठभागाला चिकटलेला छोटासा जीआय बोल्ट फार वेगाने खपतो.

आरओच्या रिजेक्टचा हिशेब आधीच कागदावर करता येतो. आरओ ७५ टक्के पाणी परत मिळवत असेल, तर उरलेल्या चौथ्या भागात जवळजवळ सगळे क्षार येतात, म्हणजे फीडमध्ये ६०० मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर रिजेक्टमध्ये ते २,४०० च्या आसपास जाते. ही जागा ड्युप्लेक्स २२०५ ची आहे. दाब कमी असेल तेथे एचडीपीई वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि मी ग्राहकांना तेच आधी सुचवतो. शून्य निःस्राव प्रकल्पातील एमईईमध्ये (पाणी आटवणाऱ्या यंत्रणेत) हेच पाणी उकळते; तेथे ३१६एलचा विचारही करू नये.

रसायनांच्या डोसिंगबाबत फार बोलण्यासारखे नाही. फेरिक क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल, विरळ सल्फ्युरिक आम्ल आणि सोडियम हायपोक्लोराइट यांना स्टेनलेस वापरू नये. यूपीव्हीसी, सीपीव्हीसी, पीपी किंवा एफआरपी (प्लास्टिक व फायबरचे पाइप) वापरावे. कॉस्टिक सोड्याला साध्या तापमानात ३०४एल चालते. डोसिंगचा पाइप जेथे मुख्य वाहिनीत शिरतो, तेथे त्याचे टोक पाइपाच्या मध्यापर्यंत आत न्यावे, म्हणजे तीव्र रसायन भिंतीलगत वाहत राहत नाही.

जमिनीखालच्या वाहिनीसाठी, विशेषतः भरावाच्या खारट चिखलात, उघडे स्टेनलेस पुरू नये. बाहेरून येणारा क्लोराइड आपल्या हातात नसतो. तेथे एचडीपीई घ्यावी.

चौथी पायरी: जाडी आणि किंमत यांचा योग्य हिशेब मांडावा

किमतीची तुलना करताना एक चूक सर्रास होते: एमएसच्या शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा ठरलेला क्रमांक) पाइपाच्या जागी स्टेनलेसचाही शेड्यूल ४० धरला जातो आणि आकडा पाहून मालक हबकतो. चार इंची पाइपाची भिंत शेड्यूल ४०एस मध्ये ६.०२ मिलिमीटर असते, १०एस मध्ये ३.०५. वजन मीटरला सोळा किलोंच्या वरून साडेआठ किलोंच्या आसपास येते. सांडपाण्याच्या बहुतेक वाहिन्यांचा दाब कमी असल्याने १०एस पुरते. दाब, आधारांमधील अंतर आणि नोझलवर येणारा भार तपासून घ्यावा, पण गंजासाठी म्हणून जाडी वाढवू नये. ड्युप्लेक्स २२०५ ची यील्ड ताकद ४५० मेगापास्कल असते, ३१६एलची १७०. त्यामुळे मोठ्या व्यासाच्या पाइपात ड्युप्लेक्सची जाडी आणखी कमी करता येते. मात्र दहा-वीस मीटर ड्युप्लेक्ससाठी एल्बो, टी आणि फ्लँज जमवताना खरेदीवाल्याची दमछाक होते, हे वेळापत्रकात आधीच धरावे.

पाचवी पायरी: मागणीपत्रक नीट लिहावे आणि माल तपासूनच घ्यावा

‘एसएस पाइप’ असे कधीही लिहू नये. पाइपासाठी एएसटीएम ए३१२ टीपी३१६एल, ड्युप्लेक्ससाठी ए७९०, फिटिंगसाठी ए४०३, फ्लँजसाठी ए१८२, असे पूर्ण लिहावे आणि प्रत्येक पाइपावर हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) छापलेला हवा, ३.१ प्रकारचे मिल प्रमाणपत्र (उत्पादकाने त्या मालाच्या चाचणीवरून दिलेले) हवे, हेही लिहावे. नावातील ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आसपास मर्यादित. वेल्डिंग करायचे असेल तर ही अट सोडू नये.

माल कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येवो किंवा गिरगाव-खेतवाडीच्या व्यापाऱ्याकडून, गेटवर तपासणी झालीच पाहिजे. पुष्कळ जण खिशातले लोहचुंबक लावतात आणि चिकटले नाही म्हणून समाधान मानतात. मँगनीज अधिक आणि निकेल कमी असलेले २०० मालिकेचे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, ३०४ही नाही आणि ३१६ही नाही. उलट अस्सल ड्युप्लेक्स चुंबकाला चांगले चिकटते आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून विनाकारण परत जाते. मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी स्वस्त आहे, ती ३१६ आणि ३०४ यांतला फरक दाखवते. त्याहून चांगली म्हणजे एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतील घटक मोजणाऱ्या उपकरणाने) केलेली पीएमआय, म्हणजे धातूची ओळख पटवणारी, तपासणी, जी भाड्याने सहज करून मिळते. ती गन कार्बन मोजत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘एल’ची खात्री करायची तर ओईएस (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारी) चाचणी लागते. तपासणी फक्त पाइपाची करून थांबू नये. माझ्या अनुभवात गफलत बहुधा फिटिंगमध्ये, स्टब एंडमध्ये आणि वेल्डिंगच्या तारेत सापडते.

सहावी पायरी: वेल्डिंग

फॅब्रिकेटर निवडताना मी त्याच्या यंत्रांआधी त्याच्या जमिनीकडे पाहतो. ज्या शेडमध्ये एमएसचे ग्राइंडिंग चालते, त्याच शेडमध्ये स्टेनलेसचे पाइप उघडे पडलेले असतील, तर उडालेले लोखंडाचे कण त्यांवर रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात. स्टेनलेससाठी वेगळी जागा, वेगळ्या चाकत्या, स्टेनलेसच्याच तारेचा ब्रश आणि टेबलावर लाकूड किंवा रबर, एवढे मागावे.

वेल्डिंगची तार ३०४एलला ईआर ३०८एल, ३१६एलला ईआर ३१६एल आणि २२०५ ला ईआर २२०९ असावी. ड्युप्लेक्सच्या दोन पासांमध्ये तापमान १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि ते काम त्याच धातूवर पात्रता चाचणी दिलेल्या वेल्डरलाच द्यावे.

आर्गन वेल्डिंग म्हणजे बाहेरून टॉर्चमधला आर्गन, असा समज अजूनही आढळतो. पाइपाच्या आतही आर्गन भरून हवा बाहेर काढावी लागते, तेच पर्जिंग. ते टाळले की जोडाच्या आतल्या बाजूला काळी, खरबरीत, जळलेल्या साखरेसारखी पापडी येते. ती बाहेरून दिसत नाही, आणि पाणी मात्र आतूनच वाहते. पहिले चार-पाच जोड तयार झाले की आरसा आणि विजेरी घेऊन, लांब पाइप असेल तर बोअरस्कोप घालून, आत स्वतः पाहावे. वेल्डच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना फिकट सोनेरी, गव्हाच्या काडीसारखा रंग असेल तर ठीक. निळा, तपकिरी किंवा काळा असेल तर तेथील क्रोमियम वरच्या जाड ऑक्साइडमध्ये गेले आहे आणि खाली कमी क्रोमियमचा अशक्त थर उरला आहे. तो पिकलिंग करून, म्हणजे आम्लाची पेस्ट लावून, काढावाच लागतो.

पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडले तर सुरुवातीला फार दुखत नाही आणि आत मात्र खोल जात राहते. त्यामुळे रासायनिक हातमोजे, चेहऱ्याचे ढालपत्र आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल यांशिवाय कोणालाही हे काम करू देऊ नये. पेस्ट भर उन्हात सुकू देऊ नये, ठरलेल्या वेळेनंतर भरपूर पाण्याने धुवावी आणि ते पाणी चुन्याने उदासीन करूनच ईटीपीत सोडावे.

सातवी पायरी: हायड्रोटेस्ट (पाण्याने दाबचाचणी)

येथे एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातील पाइप, तार आणि प्रमाणपत्रे सगळी अस्सल होती. या पट्ट्यातील एका कारखान्यात ३१६एलची नवी वाहिनी मे महिन्यात टाकली, परिसरातल्या बोअरच्या पाण्याने दाबचाचणी केली, ती यशस्वी झाली आणि पंप यायला उशीर असल्यामुळे पाणी आतच राहिले. सप्टेंबरमध्ये प्रकल्प सुरू करताना तळच्या बाजूला वेल्डच्या कडेने सात-आठ ठिकाणी ओल दिसली. मी गुडघ्यावर बसून पाहिले. प्रत्येक जागी मोहरीएवढा तांबूस दाणा होता. एक दाणा टाचणीने उकरला तर टाचणी अलगद आत गेली. तो जोड कापून पाहिला तेव्हा बाहेरच्या छिद्रामागे, भिंतीच्या पोटात, वाटाण्याएवढी पोकळी होती. साचलेले खारट पाणी, त्यातील जिवाणू आणि न साफ केलेली वेल्डची कड, या तिघांनी मिळून चार महिन्यांत हे केले होते. सांडपाण्याचा एक थेंबही त्या पाइपातून अजून गेला नव्हता.

म्हणून चाचणीचे पाणी क्लोराइड ५० मिलिग्रॅमच्या आत असलेले घ्यावे. मोरबे धरणाचे महापालिकेचे किंवा बारवी धरणाचे एमआयडीसीचे पाणी मिळत असताना खाडीलगतच्या बोअरचे पाणी वापरण्याचे कारण नाही. तरी टँकरने येणारे पाणी मोजून घ्यावे, कारण ते कोठून भरले ते टँकर सांगत नाही. चाचणी संपताच सर्वांत खालच्या बिंदूवरून पाणी पूर्ण काढावे, कोरडी हवा फुंकून पाइप सुकवावा आणि टोके बंद करावीत. त्यासाठी वाहिनीला उतार आणि तळाशी ड्रेन आराखड्यातच दिलेले असावेत, आणि जेथे पाणी अडकून राहील असे, टोक बंद असलेले आंधळे तुकडे शक्यतो ठेवू नयेत. पंप येण्यास उशीर होणार हे माहीत असेल, तर दाबचाचणीही पुढे ढकलावी.

उभारणीनंतर

बाहेरच्या बाजूने खाडीची हवा ३०४ वर चहासारखे डाग पाडते. गंमत अशी की पावसाने धुतल्या जाणाऱ्या वरच्या बाजूपेक्षा पाइपाच्या पोटाकडे आणि क्लॅम्पखाली ते जास्त असतात. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा होळीच्या सुमारास गोड्या पाण्याने पाइप धुऊन घेतले तर हे डाग बरेचसे थांबतात.

पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक भागातला एक फ्लँज उघडून गॅस्केटखालची जागा नखाने चाचपून पाहावी, कारण फटीतला गंज सर्वांत आधी तेथे लागतो. ग्रॅफाइटचे गॅस्केट खारट पाण्यात वापरू नये, ईपीडीएम (रबर) किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) वापरावे. प्रत्येक जोडाचा क्रमांक, वेल्डरचे चिन्ह, पाइपाचा हीट नंबर आणि त्या भागातील क्लोराइडची नोंद एकाच आराखड्यावर उतरवून तो आराखडा कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावावा, आणि सॉफ्टनर बदलला, आरओची रिकव्हरी वाढवली किंवा उत्पादनात नवे रसायन आले की त्या आराखड्यावरील क्लोराइडचा आकडा त्याच आठवड्यात पुन्हा मोजून बदलावा.